देवाला विचारून निर्णय घ्यायचा, तर आधी काय आणि मग काय

"पाळकसाहेब, पुण्याला जायचं ठरलंय, प्रार्थनेत ठेवा." रविवारची उपासना सुटली की चर्चच्या आवारात हे वाक्य हमखास कानावर पडतं. राजीनामा दिलेला असतो, चाकणला खोली बघून झालेली असते, मुलांचे शाळेचे दाखलेही काढलेले असतात. आता प्रार्थना कशासाठी, तर ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मिळावा म्हणून. दुसऱ्या टोकाला "मी देवावर सोपवलंय" म्हणणारे असतात. अर्ज भरायचा राहतो, मुदत उलटते आणि मग ती देवाची इच्छा ठरते. दोघांचाही विश्वास खरा असतो. क्रम चुकलेला असतो.

कोल्हापुरातल्या आपल्या मंडळ्यांत हा क्रम मुख्यतः तीन ठिकाणी बिघडतो: नोकरी-धंद्यातला बदल, कर्ज आणि जामीनकी, आणि मंडळीतली सेवा अंगावर घेणं. पुढचे टप्पे या तिन्हींसाठी आहेत. मात्र जिथे घाई खरी आहे तिथे ते लावत बसू नका. पोराला झटके येत असतील किंवा म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखत असेल, तर आधी रिक्षा आणि सीपीआर रुग्णालय. प्रार्थना रिक्षात होते.

तयारी

एक साधी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका, कारण मोबाईलवरचं खोडलेलं दिसत नाही, आणि आपण काय खोडलं हे पुढे बघावं लागतं. निर्णयाची शेवटची तारीख पहिल्या पानावर लिहा. ती खरोखर कोणी घातलेली आहे की आपणच मनाने धरली आहे, तेही शेजारी लिहा. कंपनीच्या माणसाने "उद्यापर्यंत सांगा" म्हटलं, तर आठवड्याची मुदत मागून बघा, पुष्कळदा मिळते.

दुसरी तयारी शरीराची. रात्रपाळी करून आल्यावर, भांडण झाल्यावर किंवा घरात कोणी गेल्याच्या आठवड्यात मोठा निर्णय घेऊ नका. बायबलमधल्या 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवाने त्याला लगेच पुढचं काम दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर झालं.

टप्पा 1: प्रश्न एका वाक्यात लिहा

"माझ्या आयुष्यासाठी देवाची इच्छा काय?" या प्रश्नाला सोमवारी सकाळी करता येईल असं उत्तर मिळत नाही. "गोकुळ शिरगावची नोकरी 31 मार्चला सोडून चाकणच्या कंपनीत जायचं का?" याला मिळतं. त्यात तारीख, जागा आणि क्रियापद आहे.

एका वाक्यात दोन प्रश्न अडकले असतील तर सोडवून घ्या. "नोकरी बदलायची का" आणि "बायको-मुलांना सोबत न्यायचं का" हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचंही हो धरलं, की शाळेचं वर्ष मध्येच तुटतं.

टप्पा 2: जे आधीच सांगितलेलं आहे ते बाजूला काढा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. शास्त्रात स्पष्ट लिहिलेल्या गोष्टीसाठी मार्गदर्शन मागत बसायचं नसतं. ती करायची असते.

उद्यमनगरात छोटं वर्कशॉप चालवणाऱ्याने "कामगारांचा थकलेला पगार आधी द्यावा की नवी लेथ घ्यावी, प्रभू दाखव" अशी प्रार्थना करू नये. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यात लागलेला असतो, असं अनुवाद 24:14-15 मध्ये उत्तर दिलेलं आहे. आधी पगार, मग लेथ. खोटं बिल लावायचं का, टेबलाखालून पैसे द्यायचे का, बहिणीचा हिस्सा दाबायचा का, ही पानंसुद्धा प्रार्थनेआधीच भरलेली आहेत.

जामीनकीचं जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात आपली घरं बुडाली आहेत. मंडळीतला भाऊ येतो. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालंय, एक सही हवी आहे. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारतो आणि आपण भिडेपोटी सही करतो. नंतर त्याला "विश्वासाने सही केली" म्हणतो. देवावरचा विश्वास आणि भाऊबंदातली भीड यांची गल्लत इथे होते. नीतिसूत्रे 22:26-27 सरळ सांगतं की दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नको. द्यायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूणही का जावं? कायदाही तेवढाच स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा 1872, कलम 128 प्रमाणे करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे त्याचा हप्ता थकला की पतसंस्थेची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते.

मग त्या भावाला मोकळ्या हाताने परत पाठवायचं का? नाही. परत मिळाले नाहीत तरी चालतील एवढी रक्कम जमेल तशी काढून द्या, उसनी म्हणून देऊ नका. त्याच्याबरोबर बसून त्याच्या कर्जाचा हिशेब मांडा. सही आधीच केली असेल तर नीतिसूत्रे 6:1-5 वाचा. तिथे झोप न घेता जाऊन गळ घालून सुटका करून घे, असं सांगितलंय. उद्याच त्याच्याकडे जा, हप्ते कुठवर आलेत ते विचारा आणि पतसंस्थेतून कर्जखात्याचा उतारा मागा.

> पुढे जाण्याआधी तपासा: वहीतल्या प्रश्नाचा कोणता भाग वचनाने आधीच सुटला? त्यावर रेघ मारा. उरलेल्यासाठीच पुढचे टप्पे आहेत.

टप्पा 3: 'नाही' ऐकायला तयार व्हा

यिर्मया 42 एकदा सावकाश वाचा. यरुशलेम पडल्यावर उरलेले लोक आणि त्यांचे सरदार यिर्मया संदेष्ट्याकडे येतात. आम्ही कोणत्या वाटेने जावं हे तुझ्या देवाला विचार, उत्तर बरं असो की वाईट, आम्ही ऐकू, असं शपथेवर सांगतात. यिर्मया प्रार्थना करतो. दहा दिवसांनी उत्तर येतं: याच देशात राहा, मिसरात जाऊ नका. पुढच्याच अध्यायात ते सरदार यिर्मयाला म्हणतात, तू खोटं बोलतोस. आणि मिसरात जातात. 41 व्या अध्यायाच्या शेवटी बघा, ते आधीपासूनच मिसराच्या वाटेवर बेथलेहेमाजवळ मुक्कामाला होते. सामान बांधून झालेलं होतं.

आपली तयारी तपासायला वहीत हे वाक्य पूर्ण करा: "उत्तर 'नाही' आलं तर मी ______ करीन." रिकामी जागा भरता येत नसेल, किंवा भरताना पोटात गोळा येत असेल, तर पुढे जाऊ नका. तेच देवासमोर मांडा. शब्द साधे असू देत: "प्रभू, मला जायचंच आहे. तू नको म्हणालास तर थांबावं असं आत्ता वाटत नाही. मला तसं वाटू दे." ही प्रार्थना अर्धवट विश्वासाची आहे असं समजू नका. देवाची इच्छा पाळायची ज्याची मनापासून तयारी आहे त्याला माझी शिकवण देवाकडून आहे की नाही ते कळेल, असं येशू योहान 7:17 मध्ये सांगतो. तयारी आधी, कळणं नंतर.

या टप्प्याला दोन दिवस लागोत की दोन आठवडे, घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा आहे.

टप्पा 4: आकडे काढा, जाऊन बघून या

इथे काही विश्वासू माणसं अडखळतात. हिशेब केला तर देवावरचा भरवसा कमी पडला असं त्यांना वाटतं. पर्शियाच्या राजाच्या चाकरीतल्या नहेम्याचं बघा. किसलेव महिन्यात यरुशलेमचा तट पडलेला असल्याची बातमी कळल्यावर तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. राजासमोर शब्द काढला तो निसान महिन्यात, म्हणजे चार महिन्यांनी. राजाने विचारल्यावर त्याच्याकडे मुदत तयार होती आणि लाकडासाठी पत्र कुणाच्या नावाने हवं हेही तयार होतं. यरुशलेमला पोचल्यावर त्याने कुणाला न सांगता रात्री तटाची पाहणी केली. चार महिने प्रार्थना केलेल्या माणसानेच ही पाहणी केली, हे विसरू नका.

चाकणच्या नोकरीचा हिशेब असा मांडायचा (आकडे उदाहरणाचे, आपले आपण घाला):

- इथला हातात येणारा पगार 22,000. पेट्रोल 1,500, घरच्या जेवणातला आपला वाटा 2,000. उरतात 18,500.
- तिथला पगार 31,000. खोली 7,000, मेस 3,500, महिन्यातून दोनदा घरी यायचा खर्च 2,400. उरतात 18,100.

नऊ हजारांची वाढ कागदावर मांडली की चारशेची घट होते. म्हणून जाऊच नये, असं यातून निघत नाही. तिथलं काम शिकण्यासारखं असेल, पुढच्या वर्षी खोलीत भागीदार मिळणार असेल, तर जाण्यात अर्थ आहे. पण "देवाने पगारवाढीचं दार उघडलं" असं बोलण्याआधी दारापलीकडे काय आहे ते बघितलेलं बरं.

नोकरी सोडण्याआधी आणखी काही बघायचं असतं. ऑफर लेटर कागदावर आहे की फक्त फोनवर? नोटीस किती दिवसांची? पीएफ नव्या खात्याला जोडायचा आहे का? कायम कामगाराला पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. तुमची पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील, तर राजीनाम्याची तारीख पुन्हा बघा. आणि नव्या ठिकाणी रविवारी उपासनेला जाता येईल का, जवळ मराठी मंडळी कुठे आहे, हे खोली बघायच्या फेरीतच विचारून घ्या. खोली ठरल्यावर विचारून उपयोग नसतो.

> सावधान: परदेशातल्या नोकरीचा एजंट आपला विश्वास बघून "प्रभूच्या नावाने" बोलत असला, तरी पासपोर्ट हातात देण्याआधी त्याची सरकारी नोंदणी तपासा. पैसे रोख देऊ नका.

टप्पा 5: प्रार्थना आणि वाचन

आता प्रार्थनेला भरपूर साहित्य आहे: एक वाक्याचा प्रश्न, 'नाही'ची तयारी, खरे आकडे. रोजची ठरलेली वेळ धरा, पंधरा मिनिटं असली तरी चालतील. वचन सलग वाचा, एखादं शुभवर्तमान किंवा पत्र सुरुवातीपासून. शास्त्र कुठेही उघडून डोळे मिटून बोट ठेवायचं, ही देवळात कौल लावण्याचीच रीत झाली. 31 डिसेंबरच्या रात्री उपासनेत निघालेली वचनाची चिठ्ठी प्रेमाने जपा, पण तिच्यावरून राजीनामा देऊ नका.

यिर्मया 29:11 चं उदाहरण घ्या. "तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत" हे वचन अनेक घरांत भिंतीवर आहे. त्याच्या लगेच आधीच्या दहाव्या वचनात बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं सांगितली आहेत. पाचव्या वचनात बाबेलमध्येच घरं बांधा, मळे लावा असं आहे. ज्यांना ते पहिल्यांदा ऐकवलं त्यांच्यातल्या पुष्कळांनी परतीचा दिवस बघितला नाही. वचन खरंच आहे, पण ते पुढच्या महिन्याच्या नोकरीची हमी म्हणून दिलेलं नव्हतं. कोणतंही वचन आपल्यासाठी घेताना आधीची आणि नंतरची दहा वचनं वाचा.

इथे आणखी दोन गोष्टींची गफलत होते.

एक, चिन्ह मागणं. गिदोनाने खळ्यावर लोकर ठेवून तिच्यावरच्या दवाचं चिन्ह देवाकडे मागितलं म्हणून आपणही "आज त्याचा फोन आला तर जायचं" असं ठरवतो. शास्ते 6 नीट वाचलं तर दिसतं, की देवाने गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं, आणि लोकर ठेवताना "तू म्हटल्याप्रमाणे" असं तो स्वतःच बोलतो. त्याला आज्ञा कळलेली होती, धीर होत नव्हता. देवाने त्याला सांभाळून घेतलं, ही देवाची दया. निर्णय कसा घ्यावा याचा तो धडा नव्हे.

दुसरी, "मला शांती वाटली." शांती वाटली म्हणजे देवाचा होकार, असं धरू नका. योना देवापासून पळत होता तेव्हा जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. येशू गेथशेमानेत पित्याच्या इच्छेला हो म्हणत होता तेव्हा त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. फिलिप्पैकरांस 4:6-7 मधली शांती मागणाऱ्याचं अंतःकरण राखते. दोन कंपन्यांपैकी कोणती निवडायची ते ती सांगत नाही.

> उपास करणार असाल तर: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, गरोदरपण असेल, किंवा दिवसभर यंत्रावर उभं राहायचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्न सोडू नका. टीव्ही आणि मोबाईल सोडूनही उपास होतो.

टप्पा 6: सल्ला, योग्य माणसांचा आणि योग्य क्रमाने

पहिला सल्ला जोडीदाराचा. आपल्याकडे तो सगळ्यात शेवटी घेतला जातो, कधी घेतलाच जात नाही. "मंडळीने प्रार्थना केली, आता तू नाही म्हणू नको" हे बायकोला सांगणं म्हणजे तिला विचारणं नव्हे. वही तिच्यापुढे ठेवा आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका.

दुसरा सल्ला त्या कामातल्या माणसाचा, मग तो ख्रिस्ती असो वा नसो. चाकणमध्ये दोन वर्षं काढून परत आलेला शेजारी तुम्हाला जे सांगेल ते पाळकसाहेब सांगू शकणार नाहीत. मोशेला न्यायनिवाड्याची कामं वाटून देण्याचा सल्ला त्याचा सासरा इथ्रो, मिद्यानी याजक, याने दिला आणि मोशेने तो मानला (निर्गम 18).

तिसरा, मंडळीतला असा वडीलधारा माणूस जो तुम्हाला पूर्वी कधी तरी "नको" म्हणालेला आहे. प्रत्येक गोष्टीला आमेन म्हणणाऱ्याकडे जाऊन काही हाती लागत नाही.

विचारताना "माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढ्यावर थांबू नका. आकडे दाखवा आणि विचारा: "यात मला काय दिसत नाहीये?" नव्वद टक्के चर्चा या एका प्रश्नाने कामाची होते.

कोणी येऊन "प्रभूने मला दाखवलं, तू जायचंस" असं सांगितलं तर? नम्रपणे ऐका, वहीत लिहा, आणि तिथेच ठेवा. संदेश तुच्छ मानू नका पण सगळ्याची पारख करा, असं 1 थेस्सलनीकाकरांस 5:20-21 सांगतं. दावीद मंदिर बांधायचं म्हणाला तेव्हा नाथान संदेष्टा लगेच "जा, कर" म्हणाला. त्याच रात्री देवाने त्याला परत पाठवलं (2 शमुवेल 7). खरा संदेष्टासुद्धा घाईत स्वतःचं मत बोलू शकतो. ज्याला तुमच्या जाण्यातून काही मिळणार आहे त्याचा 'संदेश' तर दोनदा पारखा.

टप्पा 7: परत घेता येईल असं पहिलं पाऊल

प्रेषितांची कृत्ये 16:6-10 मध्ये पौल आणि त्याचे सोबती आसियात वचन सांगायला निघतात, पवित्र आत्मा अडवतो. बिथुनियाला जाऊ बघतात, तिथेही वाट मिळत नाही. ते चालत राहतात, त्रोवसला येतात, तिथे रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. त्यानंतरही सगळे मिळून विचार करतात आणि मग निघतात. दोन ठिकाणी अडले म्हणून त्यांनी घरी बसायचं ठरवलं नाही. अडले तरी जोर लावून आत घुसलेही नाहीत.

आपल्यासाठी याचा अर्थ: सगळं एकदम सोडू नका. रजा टाकून चार दिवस तिथे राहून बघा. धंदा सुरू करायचा असेल तर गाळा घेण्याआधी घरून तीन महिने ऑर्डरी घ्या. पूर्णवेळ सेवेत जायचं असेल तर आधी वर्षभर नोकरी सांभाळून तीच सेवा करा, आणि मंडळीतल्या वडिलांना त्यावर मत विचारा.

पुढे अडचण आली म्हणजे निर्णय चुकला असं लगेच धरू नका. दृष्टान्त होऊन गेलेला पौल फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात पडला. सगळं सुरळीत झालं म्हणून निर्णय बरोबर ठरतो असंही नाही. योनाला पळून जायला जहाज लगेच मिळालं होतं.

टप्पा 8: थांबायचं असेल तर

उत्तर स्पष्ट नसेल आणि तारीख आली नसेल, तर थांबा. शौलाला शमुवेलाने सात दिवस थांबायला सांगितलं होतं. सातव्या दिवशी लोक पांगू लागले तेव्हा त्याने स्वतःच होमबली केला, आणि तो संपवतो न संपवतो तोच शमुवेल आला (1 शमुवेल 13). थांबायच्या काळात हातातलं काम नीट करा. "जायचंच आहे" म्हणून पाट्या टाकू नका, उधारी फेडून घ्या, घरचं बोलणं चालू ठेवा.

तारीख आली आणि अजूनही दोन्ही वाटा सारख्याच चांगल्या दिसत असतील, वचनाविरुद्ध कोणतीच नसेल, तर एक निवडा आणि निघा. देव त्या दोन्हींवर राज्य करतो.

सेवा अंगावर घेताना: पुराचं उदाहरण

सेवेत वरचे टप्पे तसेच, पण गाठ दुसऱ्यांच्या जिवाशी असते. पूर घेऊ, कारण 2019 आणि 2021 मध्ये आपण सगळ्यांनी तो बघितला. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. मंडळीची तयारी या आकड्यांच्या आधी संपलेली असावी.

मे महिन्यात दहा मिनिटं प्रार्थना करा आणि लगेच यादी करा. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, प्रयाग चिखली, आंबेवाडी भागात मंडळीतली आणि ओळखीची कोण कोण राहतात; कोण एकटं आहे, कोणाला चालता येत नाही, कोणाची औषधं रोजची आहेत. नहेम्या 4:9 मध्ये एकाच वाक्यात प्रार्थना आहे आणि रात्रंदिवस पहाराही आहे. आपल्याकडे प्रार्थनेला तीस जण असतात आणि यादी कोणाकडेच नसते.

पाणी 39 फुटांकडे चढू लागलं की यादीतल्यांना फोन करा आणि चर्चचा हॉल उघडा. 43 ची वाट बघू नका. पाण्यात उतरून माणसं काढायचं काम प्रशासनाच्या आणि एनडीआरएफच्या पथकांचं आहे. "देव सांभाळेल" म्हणून तरुण पोरांना पाण्यात घालू नका. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक म्हणणाऱ्याला येशूने मत्तय 4:7 मध्ये उत्तर दिलं, की देवाची परीक्षा पाहू नको.

मदत नेण्याआधी काय हवं ते विचारा. पहिल्या दिवशी शिजवलेलं अन्न सगळीकडून येतं आणि वाया जातं. चौथ्या दिवशी सॅनिटरी पॅड, कोरडे कपडे, ओआरएस, मेणबत्त्या आणि पिण्याचं पाणी लागतं. पाणी ओसरल्यावर खरं काम सुरू होतं, तेव्हा गमबूट, हातमोजे, फावडी, टीसीएल (जंतू मारायची ब्लीचिंग) पावडर. चिखलात उतरणाऱ्यांनी लेप्टो (दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) टाळायच्या गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात विचारून घ्यावं.

> सर्वात नेहमीची चूक: घरात शिरून लगेच चिखल काढणं. आधी पाण्याची खूण, भिजलेलं धान्य आणि मोडलेल्या वस्तू यांचे फोटो काढा आणि पंचनामा झाला का ते घरमालकाला विचारा. आपली सेवा घाईची ठरली तर त्याची नुकसानभरपाई जाऊ शकते.

मदतीला कोणतीही अट लावू नका. पाकीट देताना सभेचं आमंत्रण नको, नाव-गाव घेऊन फोटो नको. कोणी स्वतः "तुम्ही हे का करता?" विचारलं तर मनमोकळं उत्तर द्या.

पैसे एका माणसाच्या हाती ठेवू नका, तो कितीही प्रामाणिक असला तरी. यरुशलेमच्या मदतीची रक्कम नेताना पौलाने सोबत मंडळ्यांनी निवडलेले भाऊ घेतले. देवापुढे आणि माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा म्हणून (2 करिंथकरांस 8:19-21). पावतीपुस्तक, दोघांच्या सह्या, आणि काम संपल्यावर महिन्याच्या आत चर्चच्या फलकावर हिशेब. तरुण संघाच्या पोरांना हे पहिल्याच वर्षी शिकवा.

टप्पा 9: तीन महिन्यांनी पाहणी, आणि हवाली करणं

निर्णय घेतल्यावर तीन महिन्यांनी तीच वही उघडा. आकडे जुळले का? जोडीदाराचं काय म्हणणं आहे? प्रार्थना आणि उपासना टिकली की सुटली? चुकलं असं दिसलं तर परत फिरण्यात कमीपणा मानू नका. कोल्हापूरला परत आलेल्या माणसाला "मग देवाने सांगितलं होतं ना?" असं आवारात विचारणाऱ्यांनीही तोंड आवरावं.

सेवेची पाहणी जास्त कडक हवी. रविवारचा मुलांचा वर्ग असो वा वस्तीतली प्रार्थना, वर्षभरात त्याला दुसरा माणूस तयार झाला नसेल तर वर्ग तुमच्यावर उभा आहे. दोन मोठी माणसं असल्याशिवाय मुलांचा वर्ग घ्यायचाच नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. त्यातूनच पुढचा माणूस घडतो. सेवा सोडताना निरोपाच्या भाषणाआधी वस्तू हवाली करा: हॉलच्या किल्ल्या, पावतीपुस्तक, मुलांची हजेरीवही, पालकांचे नंबर, पूरकाळातली फोन-यादी. कमिटीतल्या एकासमोर दोघांच्या सह्या घ्या. पहिले दोन रविवार नव्या माणसाबरोबर वर्ग घ्या, आणि तिसऱ्या रविवारी शिकवायचं त्याच्याकडे देऊन तुम्ही दुसरं मोठं माणूस म्हणून मागच्या बाकावर बसा.